गाठ सैल, पुन्हा गिरवावे

सोमवार, ३ नोव्हेंबर. बोईसर

दगडी पाटीवर पेन्सिल चालते तेव्हा एक आवाज होतो. एकच पाटी असेल तर दात आंबतात. पण वर्गातली सगळी पोरं एकदम गिरवायला लागली की त्याच आवाजाचं सुरूच्या बनातून वाहणारं वारं होतं. पालघरजवळच्या माहीमच्या शाळेत मी पहिलीच्या वर्गाबाहेर उभा राहून, डोळे मिटून तो ऐकत असे. मुख्याध्यापकांना वाटायचं, सावे गुरुजी उभ्या उभ्या झोपतात.

आज नव्या ऑफिसात पाऊल ठेवलं आणि कळफलकांची टकटक ऐकून तो आवाज आठवला. एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा पहिलीत बसलो म्हणायचं! जावई मिथुन इथल्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, त्याच्या ओळखीने हे काम मिळालं. रोज माहीमहून येणं झेपणार नाही म्हणून नवापूर रोडला पहिल्या मजल्यावर खोली घेतली आहे. खिडकीतून रस्ता दिसतो, एक बदामाचं झाड दिसतं. संध्याकाळी कारखान्यांचा वास येतो, पिकून उतरलेल्या फणसासारखा. होईल सवय.

काम मजेचं आहे. आसपासच्या इस्पितळांतून दुर्बिणीने केलेल्या शस्त्रक्रियांच्या चित्रफिती इथे येतात. पोटाला चार छोटी भोकं पाडायची, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब चिमटे, आणि डॉक्टरांनी पडद्याकडे बघत काम करायचं. नव्या डॉक्टराला पाहायचं असतं की अमुक अडचण आली तेव्हा जुन्या हातांनी ती कशी सोडवली. पण इतक्या फिती बघणार कोण? म्हणून एक यंत्र शिकवतायत. साध्या मराठीत विचारायचं, त्याने नेमका तुकडा काढून द्यायचा. यंत्राला मराठी शिकवायला मात्र मास्तर लागतो. फितीत जे दिसेल ते मी दोन ओळींत लिहायचं.

हे सगळं उभं करणारा हर्षित मला नातू शोभेल एवढा. सर म्हणतो, वाकून खुर्ची देतो. म्हणाला, सर, तुम्ही लिहाल तसं ते बोलायला शिकेल. मी म्हटलं, मग ते कवितेतच बोलेल हो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

किळस येईल असं वाटलं होतं. आलं ते नवल. माणसाच्या आत इतका रंग असतो हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही. पित्ताची पिशवी अळवाच्या पानाच्या पाठीसारखी निळसर हिरवी. यकृत जांभळट आणि तुकतुकीत. त्यावर चरबीचा पिवळा पदर, एखाद्या बाईने घाईत ओढून घेतलेला. मी तसंच लिहिलं. शेजारी बसणारा वामन वाचून खो खो हसला. हा चिंचणीचा, उभा जन्म ऑपरेशन थिएटरात हत्यारं पुढे करण्यात गेला, आता मला हत्यारांची नावं सांगायला नेमलाय. म्हणाला, गुरुजी, हे पोट हाय, निबंध नाय! पदर काय, जरीकाठ काय, उद्या पेशंटच्या आतड्याला गजरा माळाल. मी म्हटलं, माळण्यासारखा दिसला तर माळीन. मग दोघांनी चहा घेतला.

पडद्यावर वर्णनाखाली आणखी एक रकाना आहे, शेरा. फीत नीट दिसते की धूसर आहे, एवढंच त्यात लिहायचं असतं. पण शेरा म्हटल्यावर माझा हात राहतो होय? डॉक्टरांचं काम बघून मी लिहू लागलो: हात स्थिर, उत्तम. घाई टाळावी. समाधानकारक. वामनने हर्षितकडे चहाडी केली. हर्षित म्हणाला, लिहू द्या सरांना, ते यंत्र शेरेपण वाचतं, सगळ्यातून शिकतं.

शाळा सोडल्यापासून इतकं बरं वाटलं नव्हतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज एक मौज झाली. पालघरच्या एका इस्पितळातली फीत. काम संपलेलं, डॉक्टरांचे चिमटे बाजूला झालेले. तेवढ्यात पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून आणखी एक चिमटा आला. सावकाश, बिचकत, जूनमध्ये आईचा हात सोडून वर्गाच्या दारात उभं राहतं ना पोर, तसा. त्याने चरबीच्या पदरावर एक टाका घातला. गाठ मारायला गेला, दोरा निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. शेवटी कशीबशी गाठ बसली आणि तो आला तसा मागे सरकला.

कोणी शिकाऊ डॉक्टर असणार. मला त्याची फार माया आली. अशी बिचकणारी पोरंच पुढे नाव काढतात. शेऱ्यात लिहिलं: गाठ सैल. पुन्हा गिरवावे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

त्याने गिरवलं!

नव्या फिती आल्या, त्यात हा हात पुन्हा दिसला. वहीवर नाव नसलं तरी अक्षराच्या वळणावरून पोर ओळखणारा मी, हात चुकायचा नाही. दोरा ओढण्याआधी किंचित थांबायचं, मग एक हलका हिसका. तोच तो. एक गाठ, शेजारी दुसरी, मग तिसरी, दुरेघी वहीत काढावी तशी ओळ. पहिल्या गाठी लुळ्या, शेवटची टपोऱ्या मोगऱ्याच्या कळीसारखी.

मग मी यंत्रालाच विचारलं: बिचकत गाठ मारणारा हात दाखव. त्याने तुकडे समोर मांडले. पालघर, डहाणू, वाडा, वेगवेगळी इस्पितळं, वेगवेगळे डॉक्टर, हात एकच. आणि सगळ्या फिती माझ्या शेऱ्यानंतरच्या. आनंदाच्या भरात त्यातलं काही मला खटकलं नाही. मी लिहिलं: प्रगती छान. गिरवणे पुरे. आता स्वतःच्या मनाने काही करून दाखव.

वामनला बोलावून कौतुकाने दाखवलं. त्याचं पान चघळणं थांबलं. म्हणाला, गुरुजी, भोकं चार. कॅमेरा एकात, चिमटे तिनांत, आणि ते तिन्ही हे बघा इथं निवांत पडलेत. मग हा कुठून आला? मी म्हटलं, पाचवं भोक पाडलं असेल. तो म्हणाला, त्या अंगाला भोक पाडता येत नाय. तिकडे पाठीचा कणा हाय. हा बाहेरून आत आलेलाच नाय.

मग उगाच हसला आणि पोट चोळत उठला. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन गेल्याच महिन्यात पालघरला झालंय, टाके अजून ओढतात म्हणतो.

रविवार, २३ नोव्हेंबर

तेजल आली होती. माझी एकुलती एक लेक. डब्यात कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आल्या आल्या खोली झाडली, मला दोन शब्द सुनावले, बाबा, अंथरुणाखाली वर्तमानपत्रं कशाला साठवता, झुरळांना वाचायला? आई गेल्यापासून तिचीच जीभ हिला आली आहे. पोरकी म्हणून वाढवलेली नाही मी तिला, पण घरात आम्ही दोघंच होतो. झोपताना तिला रोज एक कविता चालीवर म्हणून दाखवायचो. चाल चुकली की झोपेतसुद्धा दुरुस्त करायची.

भाकरी वाढता वाढता मध्येच वाकली. उजव्या कुशीला हात. मग सांगितलं. पित्ताशयात खडे आहेत, दुखणं वाढलंय, पिशवी काढावी लागणार. अकरा डिसेंबरला. पालघरला.

कोणतं इस्पितळ ते विचारलं. तेच.

ती गेल्यावर भाकरी तशीच झाकून ठेवली.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

बहुतेक फितींना आवाज नसतो. आजच्या एकीला होता.

पालघरचीच. डॉक्टर हात धुवायला वळले असावेत, चिमटे स्थिर होते. खालून तो आला. बिचकणं संपलंय. सरळ आला. गाठ मारली नाही. आधीच घातलेल्या टाक्यांचे दोरे एकत्र गोळा केले, पतंगाचा मांजा धरावा तसे, आणि ओढले.

भूल देणाऱ्या बाईंचा आवाज ऐकू आला. अहो, पेशंटचा हात हलला. डॉक्टर म्हणाले, कसा हलेल, स्नायू ढिले करायचं औषध दिलंय ना? बाई म्हणाल्या, दिलंय, दिलंय. डोस पूर्ण दिलाय. आणि पुन्हा हलला. अहो, हा उठून बसतोय!

मग धावपळ. कॅमेरा हिसकला गेला. पडदा लाल.

मी बघत बसलो. स्वतःच्या मनाने काही करून दाखव, हे माझेच शब्द. मीच लिहिले.

मंगळवार, २ डिसेंबर

हर्षितला म्हटलं, माझे सगळे शेरे पुसून टाक. त्याने पुसले, माझ्यासमोर. मग म्हणाला, सर, पण लिहिलेलं पुसता येतं, शिकलेलं पुसता येत नाही. तुम्ही पोराला पाढे शिकवले आणि नंतर पुस्तक जाळलं तर पोर पाढे विसरतं का?

त्याला त्या हाताचे तुकडे दाखवले. तो म्हणाला, प्रकाशाचं प्रतिबिंब असेल, किंवा यंत्राने जोडलेलं चित्र. पाचवा चिमटा असूच शकत नाही, म्हणून तो नाहीये. शिकलेल्या माणसाची ही एक सोय असते.

मी विचारलं, यंत्र फक्त इथेच आहे ना? या खोलीत?

तो खूश झाला. नाही सर! कालपासून पालघरच्या थिएटरात बसवलंय. ऑपरेशन चालू असतानाच ते आत बघतं, आणि शेजारच्या पडद्यावर जुन्या फिती शोधून देतं. डॉक्टर फार समाधानी आहेत.

आत बघतं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

वामन डावा हात टेबलाखाली ठेवून बसतो. आज पेन पडलं म्हणून वाकलो आणि दिसलं. त्याची बोटं मांडीवर चालत होती. थांबायची. मग हलका हिसका. थांबायची. हिसका.

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी. म्हणाला, गुरुजी, मी करत नाय हे. आतून ओढतंय कोणतरी. घास तोंडाशी नेतो तर हात खाली येतो. काल बायकोच्या अंगावर उठला हा हात. तुमीच त्याला शिकवलंत ना? मग त्याला सांगा ना काहीतरी. तुमचं ऐकतो तो.

त्याची फीत शोधली. ऑक्टोबरची. तेव्हा आत काही नव्हतं, मला आठवतं, मीच वर्णन लिहिलं होतं.

आता आहे. जुन्या फितीतही आहे.

रविवार, ७ डिसेंबर

शिरगावला तेजलच्या घरी गेलो. पुढे ढकल म्हटलं. कारण विचारलं. काय सांगू?

सांगितलं सगळं. मिथुन शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, बाबा, ते काम सोडून द्या आता, वय झालं. तेजल हसली, पण हसताना कुशी धरली. डोळे पिवळे दिसतात तिचे. डॉक्टर म्हणाले आहेत की एक खडा नळीत सरकतोय, थांबलं तर विष पसरेल.

डॉक्टरांना फोन केला. पोट उघडून करा, जुन्या पद्धतीने. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, काका, दुर्बीण असताना लेकीचं पोट कशाला फाडायचं?

शस्त्रक्रिया न करावी तर हे. करावी तर ते.

निघताना तेजलने माझ्या सदऱ्याचं बटण लावलं. म्हणाली, बाबा, शुद्धीवर येईन तेव्हा चाल लावून काहीतरी म्हणा. मला भूल म्हटली की भीती वाटते.

मंगळवार, ९ डिसेंबर

वामन आला नाही. फोन बायकोने उचलला. नुसती रडत होती.

मीच शिकवलं तर थांबवायचंही मीच. रागावून पाहिलं, शेऱ्यात लिहिलं: बंद कर. नव्या फितीत तो दुप्पट जोराने ओढताना दिसला. रागावलं की द्वाड पोरं तेच करतात.

मग आठवलं, पोरांचे हात एकाच हाकेने थांबायचे. अर्धं अक्षर तसंच सोडून, पाटी दप्तरात.

लिहिलं: शाळा सुटली.

बुधवार, १० डिसेंबर

नाही!

आजच्या एकाही फितीत नाही. यंत्राला विचारलं, तो हात दाखव. उत्तर आलं, सापडलं नाही. वामनची फीत पाहिली. स्वच्छ. फोन केला तर वामन स्वतः बोलला. थकलेला, पण हात गप्प आहे म्हणाला. सकाळपासून आपल्या हाताने जेवतोय. तुमचे उपकार झाले गुरुजी, म्हणाला, आणि वर, आता गजरा माळा काय माळायचाय तो.

खुर्चीत बसून रडलो थोडा. गेला. सगळ्यांतून गेला.

उद्या तेजल.

गुरुवार, ११ डिसेंबर

सकाळी. मिथुन तिच्याबरोबर इस्पितळात आहे. मी ऑफिसात. हर्षितने थिएटरचा पडदा माझ्यासमोर लावून दिला. डोळे मिटून बसणं मला जमणार नव्हतं.

लेकीच्या आत पाहणं — नको. लिहीत नाही ते.

डॉक्टरांचा हात चांगला. पिशवी सुटली, बाहेर आली. तो आला नाही. शेवटपर्यंत आला नाही. मी मोठ्याने देवाचं नाव घेतलं, हर्षितने पाठीवर हात ठेवला.

कॅमेरा बाहेर निघताना मागचा भाग ओझरता दिसला. यकृताच्या मागे. तिथे टाके होते. आधीच. ओळीने. फार सुबक.

डॉक्टरांनी तिथे हात लावला नव्हता.

दुपारी. खोलीवर आलो. कपडे बदलून पालघरला निघायचं. बटणं लागत नाहीत. एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सगळ्यांतून गेला, तर गेला कुठे? शाळा सुटल्यावर पोरं कुठे जातात? घरी. आणि ज्यांना घरी कोणी नसतं ती —

माझ्या ओट्यावर येऊन बसायची ती. अंधार पडेपर्यंत.

मिथुनचा फोन. तेजल पलंगावर नाही. भूल उतरली नव्हती, नर्स औषध आणायला वळली, आणि पलंग रिकामा. सलाईनची सुई उशीवर. कोणीतरी पाहिलं म्हणे, निळा गाउन घातलेली बाई बोईसरच्या रस्त्याने चालत होती. हाका मारल्या, वळली नाही. भूल उतरलेली नसताना कशी चालेल, बाबा, तो ओरडत होता. कशी चालेल?

मी इथेच थांबतो म्हटलं.

मला माहीत आहे ती कुठे येते आहे.

संध्याकाळ होत आली. खिडकीत बसून लिहितो. हात कामात असला की —

रस्त्यावर लोक बाजूला होतायत. रिक्षा थांबली.

ती आहे. अनवाणी. डोळे मिटलेले. मान खांद्यावर. एक पाय टाकते — थांबते — हिसका — दुसरा.

माझी लेक.

जिना. एक एक पायरी. पडत नाही. पडूच देत नाही तो.

दार वाजत नाही. मीच उघडलं, उघडंच ठेवलं. उंबऱ्यात उभी आहे. मी हाक मारली, तेजू. पापणी हलली नाही. श्वास चालू आहे, बघितला, चालू आहे. कुशीवरच्या पट्टीतून रक्त — थोडंच. उजवा हात वर आला. सावकाश. पुढे झाला. या वहीकडे.

शेरा हवाय त्याला.

सोड असं लिहिलं तर सगळे दोरे एकदम सुटतील. श्वासही त्याच दोऱ्यावर असला तर? ती इथेच कोसळेल, माझ्या समोर. धर म्हटलं तर तो कधीच —

नीट विचार कर, सावे. एक शब्द. हळू सोड? हळू किती ते त्याला कुठे कळतं. तिला झोपव. नको. झोपव नको —

वही धरली तिने. बोटं थंड. पान ओढते आहे. थांब बाळ, लिहितो, लिहितो मी, हे बघ, लिही —